कौशल्याला दार उघडे, कुटुंब उंबरठ्यावर

परदेशी नोकरीस गेलेल्या भारतीयांच्या पत्नीला वा पतीला व्हिसा मिळण्यात अडथळे येत असल्याचा प्रश्न संसदेत उपस्थित झाला की, सरकारी उत्तर कोणत्या वळणाने जाणार हे आता कोणाला सांगावे लागत नाही. कोणाला प्रवेश द्यावा हा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार आहे आणि तरीही भारत सरकार हा विषय संबंधित सरकारांपुढे सातत्याने मांडत आले आहे, अशा आशयाच्या दोन वाक्यांत विषय मिटतो. पुरवणी प्रश्न विचारणारा सदस्य खाली बसतो आणि पुढचा प्रश्न पुकारला जातो. सत्तेवर कोणताही पक्ष असला तरी या साच्यात फारसा फरक पडलेला नाही.

उत्तरातील पहिले वाक्य निर्विवाद खरे आहे. अमेरिकेने, ब्रिटनने वा जर्मनीने कोणाला आत घ्यावे हे नवी दिल्लीत ठरू शकत नाही. परंतु मनुष्यबळाच्या येण्याजाण्याचे करार एकट्या यजमान देशाच्या लेखणीतून उतरत नाहीत. त्यांत काय मागायचे, कशाच्या बदल्यात मागायचे आणि कोणासाठी मागायचे हे भारतच ठरवितो. गेल्या काही वर्षांत व्यापार करारांच्या मसुद्यांत जोडीदार आणि मुले यांचा उल्लेख करवून घेण्यात भारतीय वाटाघाटकर्त्यांना यशही आले आहे. मात्र त्या यशाचा लाभ अगदी थोड्या कुटुंबांच्या वाट्याला येतो. उरलेल्यांचे भवितव्य यजमान देशाच्या प्रशासकीय नियमांवर सोडून दिलेले आहे आणि हे नियम एका अधिसूचनेने फिरतात. त्यामुळे कुशल कामगाराच्या कुटुंबाचा प्रश्न विलंबाची तक्रार म्हणून न मांडता वाटाघाटीचे स्वतंत्र कलम म्हणून मांडण्याची वेळ आली आहे.

परावलंबनाचा परवाना

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप अमेरिकेत दिसते. एच-१बी व्हिसाची आजची रचना तेथील १९९० च्या कायद्यातून आली. या व्हिसावर जाणाऱ्याच्या जोडीदाराला आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते. नोकरी किंवा व्यवसाय मात्र करता येत नाही. अमेरिकेच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी ७१ टक्के भारतीयांचे होते. साहजिकच एच-४ हा व्यवहारात प्रामुख्याने भारतीय स्त्रियांचा व्हिसा ठरला आहे.

पुण्यात दंतवैद्य, नाशिकमध्ये वास्तुरचनाकार किंवा मुंबईत सनदी लेखापाल म्हणून काम करणारी तरुणी लग्नानंतर या व्हिसावर अमेरिकेत जाते, तेव्हा तिच्या शिक्षणाला आणि अनुभवाला विमानतळावरच पूर्णविराम मिळतो. नोकरीची परवानगी नसल्याने तिला सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नाही आणि त्यावाचून त्या देशातील आर्थिक व्यवहारांत पदोपदी अडते. पतीची नोकरी गेली तर त्याला मिळणाऱ्या कमाल ६० दिवसांच्या मुदतीत तिलाही आवराआवर करावी लागते. संसार सुखाचा असेल तर हे परावलंबन सोसले जाते. तो तसा नसेल तर देशात राहण्याचा आपला हक्कच नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, ही जाणीव तिला तक्रार करण्यापासूनही रोखते.

अमेरिकेला यावर उपाय ठाऊक नाही, असे नव्हे. बहुराष्ट्रीय कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांची अमेरिकेत बदली करतात तो एल-१ व्हिसा. त्यावरील व्यक्तीच्या जोडीदारास काम करण्याची मुभा तेथील काँग्रेसने जानेवारी २००२ मधील कायद्यानेच दिली. ऑस्ट्रेलियाशी मुक्त व्यापार करार झाल्यानंतर २००५ मध्ये त्या देशाच्या कुशल नागरिकांसाठी दरवर्षी १०,५०० व्हिसांचा ई-३ हा स्वतंत्र प्रवर्ग निर्माण करण्यात आला आणि त्यांच्या जोडीदारांनाही कामाची परवानगी मिळते. एकाच कार्यालयात, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या तिघांपैकी एल-१ आणि ई-३ धारकांची पत्नी नोकरी करू शकते आणि एच-१बी धारकाची पत्नी घरी बसते. या भेदाचा पात्रतेशी काही संबंध नाही. कोणासाठी कोणी वाटाघाट केली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

एच-४ धारकांना मर्यादित दिलासा मिळाला तो बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी प्रसिद्ध झालेला आणि २६ मेपासून अमलात आलेला नियम असा, की पतीच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाने ठरावीक टप्पा ओलांडला असेल तर पत्नीस काम करण्याचा परवाना मागता येईल. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १,७९,६०० जोडीदार यास पात्र ठरतील, असा तेथील अंतर्गत सुरक्षा विभागाचा अंदाज होता. डिसेंबर २०१७ अखेरपर्यंत ९० हजारांहून अधिक जोडीदारांना प्रथमच परवाने मिळाले. अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन विभागाने दिलेल्या माहितीनुसार परवाने मिळालेल्यांत ९३ टक्के भारतीय होते आणि स्त्रियांचे प्रमाणही ९३ टक्केच होते.

मात्र हा दिलासा कायद्याने दिलेला नव्हता, तर प्रशासकीय नियमातून आलेला होता. एप्रिल २०१५ मध्येच तो न्यायालयात आव्हानित झाला. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने तो मागे घेण्याचा मनोदय जाहीर केला आणि जानेवारी २०२१ मध्ये नव्या प्रशासनाने तो प्रस्ताव गुंडाळेपर्यंत हजारो घरांत पुढचा महिना कसा जाणार याची धास्ती राहिली. मार्च २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम वैध ठरविला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि दहा वर्षांचा हा वाद संपला. भारतीयांनी त्याचे स्वागत केले ते योग्यच होते. तथापि न्यायालयांनी मान्य केला तो असा परवाना देण्याचा प्रशासनाचा अधिकार. पत्नीला काम करण्याचा हक्क आहे, असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. जे प्रशासन नियम करू शकते ते रीतसर प्रक्रिया करून तो रद्दही करू शकते.

त्याचा प्रत्यय येण्यास फार दिवस लागले नाहीत. परवान्याचे नूतनीकरण मुदतीत मागितले असेल तर निर्णय होईपर्यंत तो ५४० दिवसांपर्यंत आपोआप पुढे चालू राहील, अशी सोय होती. ३० ऑक्टोबर २०२५ वा त्यानंतर केलेल्या अर्जांसाठी ती काढून घेण्यात आली. आता टपालाने नवे कार्ड येईपर्यंत काम थांबवावे लागते. पतीच्या मुदतवाढीबरोबरच पत्नीचे अर्ज निकालात काढण्याची पद्धत २०२३ मधील एका न्यायालयीन तडजोडीने सुरू झाली होती. त्या तडजोडीची मुदत जानेवारी २०२५ मध्येच संपली. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक अर्जदारांची मुलाखतीतून मिळणारी सूट गेली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ या दोन्ही प्रवर्गांतील अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची छाननी सुरू झाली आणि भारतातील वाणिज्य दूतावासांनी दिलेल्या मुलाखतींच्या तारखा कित्येक महिन्यांनी पुढे ढकलल्या गेल्या. लग्नकार्यासाठी वा आईवडिलांच्या आजारपणासाठी मायदेशी आलेल्या कित्येकांना त्यामुळे येथेच अडकून पडावे लागले. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर लावलेल्या एक लाख डॉलरच्या शुल्कावर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. कुटुंबांची कोंडी करणाऱ्या या लहान लहान बदलांची दखल त्या मानाने फारशी घेतली गेली नाही.

मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात आणि एका देशाच्या वाट्याला त्यांतील सात टक्क्यांहून अधिक सहसा जात नाहीत. पत्नी आणि मुले यांनाही याच संख्येत धरले जाते. परिणामी भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने लांबली आहे. तिसऱ्या वर्षी आईचे बोट धरून गेलेले मूल तेथील शाळेत शिकते, तेथील भाषेत विचार करू लागते आणि २१ वर्षांचे होताच अवलंबित राहत नाही. मग त्याने परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने व्हिसा मागायचा किंवा ज्या देशाची त्याला सुटीपुरतीच ओळख आहे तेथे परतायचे. वय मोजण्याच्या पद्धतीत ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या बदलाने या मुलांपैकी काहींचे संरक्षण आणखी आक्रसले आहे.

दोन दिशांना जाणारे देश

अमेरिकेचे उदाहरण एकमेव नाही. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदारास काम करण्याची पूर्ण मुभा आहे. पण सोबत कोणाला नेता येईल, हे वर्तुळ तेथे वेगाने लहान होत आहे. जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्याची बंदी झाली. ११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्या शुश्रूषा कामगारांनाही ती लागू झाली. सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या एका वर्षात सुमारे एक लाख शुश्रूषा कामगारांबरोबर १,२०,००० अवलंबित आल्याचा ब्रिटिश गृहखात्याचा अंदाज होता. घरे, शाळा आणि दवाखाने यांवरील ताणाचा त्या सरकारचा युक्तिवाद त्यामुळे केवळ राजकीय म्हणून उडवून लावता येत नाही. परंतु त्यातून उद्भवलेली व्यवस्था अशी, की दुसऱ्याच्या वृद्ध आईची सेवा करण्यासाठी जाणाऱ्या बाईने आपले लेकरू मात्र आजीपाशी ठेवून जावे. जुलै २०२५ मध्ये त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद करण्यात आली. त्याच वेळी कुशल कामगारासाठी सर्वसाधारण वेतनमर्यादा ४१,७०० पौंडांवर नेली गेली आणि तात्पुरत्या यादीद्वारे प्रवेश मिळणाऱ्या मध्यम कौशल्याच्या नव्या कामगारांना कुटुंब नेण्याची मुभा राहिली नाही.

ज्यांना मुभा आहे त्यांच्यासाठी पैशाची भिंत आहे. ब्रिटनचा आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड करण्यात आला. या दराने पती, पत्नी आणि दोन मुले यांच्या पाच वर्षांच्या व्हिसासाठी १८,११० पौंड होतात आणि ही रक्कम अर्जाबरोबरच भरावी लागते. व्हिसाचे शुल्क निराळे. कॅनडानेही २१ जानेवारी २०२५ पासून परदेशी कामगारांच्या जोडीदारांना मिळणारा खुला कामाचा परवाना उच्च कौशल्याच्या आणि काही निवडक क्षेत्रांतील कामगारांपुरता मर्यादित केला आणि मूळ कामगाराच्या परवान्याची किमान १६ महिन्यांची मुदत शिल्लक असण्याची अट घातली.

याच काळात युरोपातील काही देश उलट दिशेने गेले. युरोपीय संघाच्या २०२१ च्या ब्लू कार्ड निर्देशानुसार कामगाराचा आणि कुटुंबाचा अर्ज एकत्र आला तर दोघांचे परवाने एकाच वेळी देणे अपेक्षित आहे आणि जोडीदारास कामाची मुभाही आहे. आयर्लंडने मे २०२४ मध्ये सर्वसाधारण रोजगार परवानाधारकांच्या जोडीदारांनाही वेगळ्या परवान्याविना नोकरी करण्याची सवलत दिली. जर्मनीने कुशल कामगारांच्या जोडीदारांना प्रवेशापूर्वीच्या जर्मन भाषेच्या अटीतून वगळले. १ मार्च २०२४ नंतर प्रथमच परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना तर आईवडीलच काय, सासूसासरेही नेता येतील अशी तरतूद तेथे झाली. त्यांच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची हमी द्यावी लागते व ती सोपी नाही, हे खरे. तरीही धोरणाची दिशा स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा करणाऱ्या देशाला एक गोष्ट उमगली आहे. एकटा आलेला अभियंता दोन वर्षांत परततो किंवा दुसरा देश शोधतो. मुले शाळेत रुळली की तो टिकतो. कौशल्याच्या बाजारात कुटुंब हेही वेतनाइतकेच मोलाचे ठरते, हे ज्यांना मनुष्यबळाची खरी निकड आहे त्यांनी ओळखले आहे. भारताने वाटाघाटींत हीच निकड हेरली पाहिजे.

बदलीवाल्यांपुरते यश

आंतरराष्ट्रीय करारांत कुटुंब हा विषय मुळातच उपेक्षित राहिला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारात व्यक्तींच्या तात्पुरत्या स्थलांतराची तरतूद भारतासारख्या देशांच्या आग्रहामुळे महत्त्वाची मानली गेली. परंतु तिच्या जोडपत्राने रोजगाराच्या बाजारातील प्रवेश आणि कायमचे वास्तव्य हे विषय कक्षेबाहेर ठेवले. सेवा पुरविणारा माणूस त्या करारात आहे, पण त्याचे बिऱ्हाड कुठेच नाही. स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार २००३ पासून अमलात आहे. मात्र अमेरिका, ब्रिटन, जर्मनी हे कामगार घेणारे देश त्यात सहभागी नाहीत आणि कामगार पाठविणाऱ्यांत अग्रभागी असलेला भारतही नाही.

द्विपक्षीय करारांत मात्र चित्र पालटू लागले आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात ठरावीक प्रवर्गांतील व्यावसायिकांच्या जोडीदारांना आणि अवलंबितांना प्रवेश, वास्तव्य व कामाची मुभा मिळाली. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या ब्रिटनबरोबरच्या करारात कंपनीअंतर्गत बदलीवर जाणाऱ्यांच्या जोडीदारांचा व मुलांचा कामाच्या हक्कासह समावेश झाला. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हाही बदलीवर जाणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या प्रवेशाचा आणि कामाचा उल्लेख सरकारने आवर्जून केला. वाणिज्य मंत्रालयाच्या वाटाघाटकर्त्यांना याचे श्रेय दिलेच पाहिजे.

प्रश्न उरतो तो या तरतुदींच्या कक्षेचा. कंपनीअंतर्गत बदली म्हणजे भारतातील मोठ्या कंपनीने आपल्याच परदेशी शाखेत पाठविलेला कर्मचारी. त्याच्या पाठीशी कंपनीचा मनुष्यबळ विभाग असतो, वकील असतात, शुल्क भरणारी तिजोरी असते. ज्याला परदेशी मालकाने थेट नोकरी दिली, ती लातूरची परिचारिका किंवा कोल्हापूरचा यंत्र अभियंता, या कलमात येत नाही. व्यापार करार हा कंपन्यांच्या सेवांसाठी असतो, व्यक्तींच्या नोकऱ्यांसाठी नसतो, हे त्यामागील तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे. पण मग थेट नोकरीवर जाणाऱ्यांसाठी वेगळे व्यासपीठ हवे. ते अस्तित्वात आहे. स्थलांतर आणि गतिशीलतेच्या भागीदारीचे करार भारताने अलीकडच्या काळात अनेक देशांशी केले. जर्मनीबरोबरच्या करारावर डिसेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीत स्वाक्षऱ्या झाल्या. कुटुंबाचे कलम खऱ्या अर्थाने तेथे बसविता येईल.

राज्येही आता या क्षेत्रात उतरली आहेत. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि दहा हजार तरुणांचे लक्ष्य जाहीर केले. भाषावर्ग, प्रशिक्षण आणि वेतन यांची चर्चा झाली ती आवश्यकच होती. मात्र यापुढे अशा प्रत्येक योजनेत उमेदवाराला घर सोडण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी कळल्या पाहिजेत. कुटुंब किती दिवसांनी नेता येईल, त्यासाठी किती वेतन लागेल आणि जोडीदारास काम करता येईल का?

आपल्या अंगणातील नियम

या मागणीमागील तत्त्व भारत सरकारला नवे नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना ते चांगलेच परिचयाचे आहे. पती-पत्नी दोघेही सरकारी सेवेत असतील तर शक्यतो त्यांची नेमणूक एकाच ठिकाणी व्हावी, असे कार्मिक विभागाचे ३० सप्टेंबर २००९ चे परिपत्रक सांगते. दिल्लीतील किती मराठी घरे या एका कागदामुळे एकत्र राहिली, याची प्रचिती शासकीय वसाहतींतून येते. परदेशातील भारतीय दूतावासांत काम करणाऱ्यांच्या जोडीदारांना यजमान देशात अर्थार्जन करता यावे यासाठी भारताने अनेक देशांशी खास द्विपक्षीय करार केले आहेत. म्हणजे अधिकाऱ्याच्या पत्नीचे करिअर हा दोन सरकारांमधील वाटाघाटीचा विषय होऊ शकतो, हे सरकारने स्वतःच दाखवून दिले आहे. जे दूतावासातील शेकड्यांसाठी साधले, ते बाहेरच्या लाखोंसाठी निदान मागायला काय हरकत आहे?

मागणाऱ्याचे हात मात्र मोकळे असावे लागतात. भारतात रोजगार व्हिसावर येणाऱ्या परदेशी तज्ज्ञाच्या जोडीदारास आपण जो प्रवेश व्हिसा देतो, त्यावर नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही. व्हिसाचा प्रवर्ग बदलून घेण्याची वाट काही मोजक्यांनाच, तीही गृहमंत्रालयाच्या अनुमतीने, मोकळी होते. एच-४ विरुद्ध आपण ज्या तक्रारी करतो, त्यांतील बऱ्याचशा येथे आलेल्या परदेशी जोडीदारालाही करता येतील. भारतात येणाऱ्या अशा जोडीदारांची संख्या अत्यल्प असल्याने त्यांना कामाची मुभा दिल्याने येथील रोजगारावर ताण पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उलट परस्परतेचे हे नाणे वाटाघाटीच्या मेजावर ठेवता येईल.

कायद्याची बाजूही सैल आहे. १९८३ चा उत्प्रवास कायदा मुख्यतः भरती करणारे दलाल आणि आखातात जाणारा कमी शिकलेला कामगार डोळ्यांसमोर ठेवून झाला. दहावी उत्तीर्ण झालेल्यास उत्प्रवास मंजुरी लागत नाही. त्यामुळे कुशल कामगार आणि त्याचे कुटुंब या यंत्रणेच्या नजरेतूनच सुटतात. या कायद्याची जागा घेण्यासाठी परदेश गतिशीलता (सुविधा आणि कल्याण) विधेयकाचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. चार दशकांनी येणाऱ्या कायद्यात कुटुंबाला स्वतंत्र स्थान मिळाले नाही, तर पुढची संधी कधी येईल हे सांगता येत नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले, स्थायी समितीने २०२० मध्ये त्यावर अहवाल दिला, विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या विषयावर व्यापक कायद्याची शिफारस केली. तरी ते घोंगडे भिजतच पडले आहे. परदेशात टाकून दिलेल्या पत्नीचा प्रश्न आणि अवलंबित व्हिसाचा प्रश्न एकाच मुळाचे आहेत. जिला स्वतःच्या नावाने तेथे राहण्याचा आणि कमावण्याचा हक्क आहे, तिला टाकून देणे तितके सोपे राहत नाही.

काही अडचणी तर वाटाघाटीविनाच सुटण्याजोग्या आहेत. विवाहनोंदणी सक्तीची करावी असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला आणि महाराष्ट्रात त्याआधी १९९८ चा कायदा झाला होता. तरीही लग्नाचा दाखला, त्याचे प्रमाणीकरण आणि हेग करारानुसार लागणारी परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर यांसाठी नवविवाहितांची दमछाक होते. मराठी घरांत नावाचीही गुंतागुंत असते. पदवीवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, पारपत्रावर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, जन्मदाखल्यावर तिसरेच काही. परदेशी अधिकाऱ्याच्या संगणकाला या तीन वेगवेगळ्या बाया दिसतात. दाखला देणाऱ्या कार्यालयाने विवाहापूर्वीचे आणि नंतरचे पूर्ण नाव एकाच कागदावर, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दिले, तर कित्येक प्रतिज्ञापत्रे वाचतील. त्यासाठी वॉशिंग्टनला जाण्याची गरज नाही. मंत्रालयातून एक परिपत्रक निघाले तरी पुरे.

सुखवस्तूंचे दुखणे?

देशात इतके प्रश्न असताना डॉलरमध्ये कमावणाऱ्यांच्या बायकांच्या नोकरीची चिंता सरकारने का वाहावी, असा आक्षेप घेतला जातो. कुटुंब रमले नाही तर हुशार माणसे मायदेशी परततील, मग ते देशाच्या हिताचेच नाही काय, असेही विचारले जाते. पहिल्या आक्षेपाला आकडे उत्तर देतात. २०२४-२५ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी १३५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडली. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यातील सर्वाधिक, म्हणजे २७.७ टक्के वाटा अमेरिकेतून आलेल्या रकमांचा होता आणि राज्यांपैकी सर्वाधिक २०.५ टक्के रक्कम महाराष्ट्रात आली. ज्यांच्या कमाईचा उल्लेख अर्थमंत्रालय अभिमानाने करते, त्यांच्या अडचणींचे सोयरसुतक परराष्ट्र मंत्रालयाने बाळगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. परंतु परतीची वाट माणसाने स्वेच्छेने धरावी. पत्नीची कोंडी झाली म्हणून नाइलाजाने परतणाऱ्याकडून देशाला फार काही लाभत नाही. शिवाय अनुभव सांगतो, की त्रासलेली कुटुंबे बहुधा पुण्याला न परतता टोरांटोकडे किंवा म्युनिककडे वळतात. दहा वर्षे रिकाम्या बसविलेल्या दंतवैद्याचे वा अभियंत्याचे कौशल्य मात्र अमेरिकेच्याही हाती लागत नाही आणि भारताच्याही. त्या शिक्षणावर झालेला खर्च, बव्हंशी सार्वजनिक पैशातून झालेला, दोन्हीकडून वाया जातो.

अमेरिकेशी या घडीला कुटुंबांसाठी एखादा करार पदरात पडेल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. काँग्रेसने कायदा केल्याविना एच-४ धारकांना एल-२ धारकांच्या बरोबरीचे स्थैर्य मिळणे कठीण आहे आणि तेथील राजकीय हवा त्याला अनुकूल नाही. तथापि पती-पत्नीचे अर्ज एकत्र निकालात काढावेत, नूतनीकरणात खंड पडू नये आणि मुलाखतींच्या तारखा अचानक बदलल्यास कुटुंबांना अग्रक्रम मिळावा, या मागण्यांना कायद्यातील बदल लागत नाही. इतर देशांबाबत भारताची स्थिती अधिक भक्कम आहे. नव्या प्रत्येक गतिशीलता करारात थेट नोकरीवर जाणाऱ्यांच्या कुटुंबाचेही कलम असावे, नियम बदलले तरी आधीच गेलेल्या कुटुंबांना जुन्याच अटी लागू राहाव्यात आणि जोडीदाराच्या कामाच्या हक्कासाठी भारतानेही तशीच मुभा देऊ करावी, एवढे किमान धोरण संसदेपुढे ठेवता येईल. नव्या विधेयकावर परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीत चर्चा होईल तेव्हा परदेशी गेलेल्या, तसेच येथे मागे राहिलेल्या जोडीदारांना साक्षीसाठी पाचारण करावे. सार्वभौम अधिकाराचे ठरलेले उत्तर ऐकून परत फिरण्याऐवजी, आपण कोणत्या करारात काय मागितले आणि पदरात काय पडले, असा नेमका पुरवणी प्रश्न तेव्हा सदस्यांना विचारता येईल आणि मंत्र्यांना त्याचे उत्तर द्यावे लागेल.